मॅगव्हील जरूर घ्या, पण सतरा इंची नको

प्रश्न : वय ३१, कराडला खासगी नोकरी, हातात ४६ हजार येतात. २०२१ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे. तिचा हप्ता ८,९००, अजून २२ महिने बाकी. घरखर्च २७ हजार, एसआयपी ५ हजार, अडीनडीला १ लाख १० हजारांची एफडी. टायर गुळगुळीत झालेत, तेव्हा या निमित्ताने मॅगव्हील, म्हणजे लोखंडी रिमांऐवजी मिश्रधातूची चाकं, टाकावीत असं मनात आहे. दुकानदाराने चार भाव दिले. सतरा इंची ७जे (सात इंच रुंद) मॅग आणि २०५/४५ टायर, ९२ हजार; जुनी पाचही चाकं दिली तर ८ हजार वजा. सोळा इंची आणि १९५/५० टायर, ६८ हजार. पंधरा इंची आणि १८५/६५ टायर, ४४ हजार. आणि आहेत त्याच मापाचे नुसते चार टायर, १७,६००. मला सतरा इंची आवडलीत. क्रेडिट कार्डावर नो कॉस्ट ईएमआय आहे, १२ महिने, महिना ७ हजार. बोनसचे ४० हजार आलेत ते एफडीत टाकतो आणि चाकं हप्त्यावर घेतो. वर्षभर एसआयपी थांबवली तर चालेल ना?

उत्तर : हिशेब तुम्ही मांडलाय, फक्त बेरीज करायची राहिली. ४६ हजारांतून घरखर्च, गाडीचा हप्ता आणि एसआयपी गेली की हातात उरतात ५,१००. नवा हप्ता ७ हजारांचा. म्हणजे एसआयपी "थांबवली तर चालेल का" हा प्रश्नच नाही, ती थांबवल्याशिवाय चाकं येतच नाहीत. वर्षाचे ६० हजार थांबतील. आणि थांबवलेली एसआयपी ठरल्या महिन्याला पुन्हा सुरू करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

आता त्या "नो कॉस्ट"कडे बघू. महिना ७ हजार, १२ हप्ते, म्हणजे ८४ हजार. बँकेचा दर १६ टक्के धरा. त्या दराने या बारा हप्त्यांची आजची किंमत साधारण ७७ हजार होते. मधले पावणेसात हजार हे व्याज. ते दुकानदार सूट म्हणून सोडतो आणि बँक तुमच्याकडून वसूल करते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे बाराशेच्या आसपास, तुमच्या कार्डावर पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर ती निराळी. पण यातून खरी कळणारी गोष्ट अशी, की हा दुकानदार आठ टक्के कमी घेऊन माल द्यायला तयार आहे. ही आठ टक्क्यांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तुलनाही जरा बदलून करा. टायर घालायचेच आहेत, म्हणजे १७,६०० रुपये गेलेच समजा. त्याच्या वर जे जाईल ती हौस. सतरा इंचीची हौस ६६,४०० रुपयांची, पंधरा इंचीची २६,४०० ची. हौसेला माझी ना नाही. पण ६६ हजारांच्या हौसेला पुढे किती शेपूट आहे, ते चाकाच्या मापावरून कळतं.

हे मी पोळून शिकले आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जुन्या गाडीला मॅग बसवली, एका दुकानातून, आठ भोकांची. आठ भोकं अशासाठी, की एकच चाक दोन मापांच्या गाड्यांना चालावं, चार नटांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं असो की ११४.३ चं. नट बसले, चाकं दिसायलाही झकास. ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरायचं. तीनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट, मग पुढचं एक बेअरिंग बदललं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने चाक उतरवून मधल्या भोकात बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, रिंग कुठाय?" बाजारातल्या मॅगचं मधलं भोक मोठं ठेवतात, बहुतेकदा ७३.१ मिलिमीटर, म्हणजे कुठल्याही गाडीच्या हबवर, चाक ज्यावर बसतं त्या मधल्या गोल भागावर, चढावं. फट भरायला हबच्या मापाची रिंग घालायची असते. माझ्या चाकांना ती दिलीच नव्हती. सगळं चाक नटांवर लटकलं होतं.

तुमच्या स्विफ्टचं हबचं माप ५४.१ मिलिमीटर. घरात दोन-दोनच्या मापाची बांगडी असेल तर आतून जवळजवळ तेवढीच. नटांचं वर्तुळ ४ × १००, नटाचा आटा १२ × १.२५. दुकानात "स्विफ्टला बसतं" एवढ्यावर मान डोलवू नका. हे तीन आकडे बिलावर लिहून घ्या आणि बिलात चार रिंगा मांडलेल्या आहेत का तेही बघा. आटा १.५ चा नट जबरदस्तीने पिळला तर बोल्ट खराब होतो, आणि तो खर्च दुकानदार देत नाही.

पण सगळ्यांत जास्त फसगत ऑफसेटमध्ये होते, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. चाकाच्या आतल्या बाजूला "ईटी" आणि पुढे आकडा कोरलेला असतो. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारी सपाटी किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, तो हा आकडा. उदाहरणासाठी धरा, आताची रिम ५ इंच रुंद आणि ईटी ४५, दुकानदाराची ७ इंच रुंद आणि ईटी ३८. रुंदी दोन इंचांनी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक इंच, २५ मिलिमीटर. वर ऑफसेट सातने कमी, म्हणजे चाक आणखी ७ बाहेर. एकूण चाकाची बाहेरची कड ३२ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली १८ मिलिमीटर शॉकअपच्या दिशेने सरकते. दुकानासमोर रिकामी गाडी उभी असताना काही जाणवत नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं घेऊन खड्ड्यात गेलात की टायर मडगार्डला घासतो. तुमच्या रिमवरचे आकडे स्वतः वाचा आणि हाच हिशेब दुकानात कागदावर करा. बाहेरची कड १०-१२ मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर मी ते चाक घेणार नाही.

आता टायर. १६५/८० आर १४ यातले १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रबराची भिंत त्या रुंदीच्या किती टक्के, आणि १४ म्हणजे रिम किती इंची. तुमच्या १६५/८० आर १४ चाकाची पूर्ण उंची ६१९.६ मिलिमीटर. सतरा इंचीवर २०५/४५ घातला तर ६१६, म्हणजे उंचीला हरकत नाही. पण रबराची भिंत १३२ मिलिमीटरवरून ९२ वर येते. चार सेंटिमीटर रबर गेलं. पाटण रस्त्यावरचा एक धारदार खड्डा आधी ते रबर झेलत होतं, आता रिम झेलणार. शिवाय या मापाच्या काही टायरांवर भाराचा आकडा ८४ असतो, म्हणजे ५०० किलो. तुमच्या मूळ टायरवर ८५, म्हणजे ५१५. मूळ आकड्याखाली जायचं नाही. विम्याच्या साध्या पॉलिसीत गाडीला दुसरं काही नुकसान झालेलं नसेल तर नुसत्या फुटलेल्या टायरचे पैसे मिळत नाहीत, आणि गाडीचंही झालं असेल तर टायरची निम्मीच किंमत मिळते. म्हणजे दर खड्ड्याचं बिल तुमच्या त्या ५,१०० मधून.

सोळा इंचीचा भाव मला सरळ वाटत नाही. १९५/५० म्हणजे उंची ६०१, मूळच्या तीन टक्के कमी. गाडी खाली बसेल आणि मीटर खऱ्या १०० ला १०३ दाखवेल. या गाडीला सोळा इंचीवर १९५/५५ जवळ बसतो, त्याची उंची ६२१. दुकानदाराने पन्नास का दिला, हे त्यालाच विचारा. बहुधा तोच माल पडून असेल.

पंधरा इंची १८५/६५ ची उंची ६२१.५. मूळच्यापेक्षा दोन मिलिमीटरचा फरक, रबराची भिंत १२० मिलिमीटर, भाराचा आकडा ८८. आणि तुमच्याच पिढीच्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीने हेच माप दिलं होतं. उद्या विम्याचा सर्व्हेअर आला तर त्याच्याशी वाद घालायला हा मोठा आधार आहे. तरी चाकं बसवल्यावर विमा कंपनीला बिल पाठवून ती पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून चढवून घ्या. प्रीमियम थोडा वाढेल, वाढू द्या. न कळवलेल्या मॅगचे पैसे क्लेममध्ये मागायला गेलात की तोंड बघण्यासारखं होतं. चाकावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस १६१९२ हा क्रमांक बघा. तो नसेल तर कितीही स्वस्त असो, परत ठेवा.

म्हणून माझं मत : पंधरा इंची, रोखीने, बोनसमधून. ४४ हजारांवर तीच आठ टक्के सूट मागा, म्हणजे भाव साडेचाळीस हजारांच्या आत-बाहेर येतो. बोनसचे ४० आणि या महिन्याच्या शिलकीतले चार-पाचशे, विषय संपला. एसआयपी चालू राहते, एफडीला हात लागत नाही. तुमची एफडी खर्च आणि हप्ता धरून जेमतेम तीन महिन्यांची आहे. बोनस तिच्यात टाकायचा तुमचा विचार एरवी मला आवडला असता, पण समोर नवा ७ हजारांचा हप्ता उभा करून नव्हे. चाकं झाली की दर महिन्याच्या ५,१०० मधले तीन हजार एफडीकडे वळवा.

गाडी विकताना मॅगचे पैसे वसूल होतील, असं कुणी सांगितलं असेल तर ते सोडून द्या. जुन्या गाडीच्या दलालाने मॅग बघून भाव वाढवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. म्हणूनच जुन्या चाकांचे ८ हजार मला खटकतात. पाच चाकं, त्यात स्टेपनीही, म्हणजे एका चाकाचे सोळाशे. चारही लोखंडी रिमा घरी माळ्यावर टाका. गाडी विकताना त्या चढवा आणि मॅग वेगळी विका. स्टेपनी डिकीत तशीच राहू द्या, नव्या चाकांशी उंचीत दोनच मिलिमीटरचा फरक आहे, पंक्चर झालं तर घरापर्यंत आणेल. मॅगला वेगळे नट लागले तर जुने नट एका पिशवीत घालून स्टेपनीपाशीच ठेवा, नाहीतर खंबाटकीच्या पायथ्याशी रात्री चाक हातात आणि नट दुकानात, अशी गत व्हायची. आणि बसवल्यावर शंभरेक किलोमीटर झाले की एकदा सगळे नट पुन्हा आवळून घ्या.