साताऱ्यात राहतो. स्विफ्टचे पुढचे ब्रेक पॅड संपलेत, कासहून आल्यापासून ब्रेक दाबला की किरकिर वाढलीय. पॅड घरीच बदलता येतील का?

हो, येतील. पुढचे पॅड अंगणात बदलण्यासारखं काम आहे, मी माझ्या गाडीचे स्वतःच बदलतो. फक्त जुने काढून नवे बसवले की झालं, असं धरू नका. जुने कसे झिजलेत हे पाहणं निम्मं काम आहे, आणि गॅरेजमध्ये गर्दी असली की नेमकं तेच राहून जातं.

कासहून आल्यापासून ब्रेक दाबला की किरकिर वाढली, असं तुम्ही लिहिलंय. बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते, मटेरियल संपत आलं की ती डिस्कला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, घासून वाजते. नव्या पॅडवर साधारण १० मिलिमीटर मटेरियल असतं, ३ वर आलं की बदलायचं. यवतेश्वरचा किंवा पसरणीचा घाट पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर पॅड लवकर जातात. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

जागा सपाट हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. नुसत्या जॅकच्या भरवशावर आत हात घालू नका. स्टँड लावाच, शिवाय काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. एका वेळी एकच बाजू खोला, म्हणजे अडलं तर दुसरी बघता येते. बदलायचे मात्र दोन्ही बाजूंचे.

कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सुटला की तो ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर (होज) लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा. आता जुने पॅड शेजारी शेजारी ठेवून बघा. आतला बाहेरच्यापेक्षा बराच पातळ असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम आहेत, नाहीतर पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला पिस्टन नीट मागे येत नाही. आपल्याकडच्या पावसात पिनांवर गंज धरायला वेळ लागत नाही. पिना बाहेर काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे चालत नाही, त्याने आतलं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. हे केलं नाही तर नवे पॅडही तसेच वाकडे झिजणार. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तीही मोजा. धूळ फुंकरीने उडवू नका, मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने धुवा.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. सी क्लॅम्प आणि जुना पॅड मध्ये धरून हळूहळू दाबा. तेव्हा ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं. मध्ये कुणी टॉप-अप केलं असेल तर ते ओसंडून वाहतं आणि रंग खातं. आधीच टाकी बघा, जास्त असेल तर सिरिंजने काढून घ्या. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा किंवा ऑइलचा हात लागता कामा नये.

सगळं बसल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरू नका, कळकळीने सांगतोय. पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. पंप करूनही पेडल मऊच राहिलं तर गाडी रस्त्यावर काढू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

नंतर एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी लवकर जा. ५० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, थोडं चालवून पुन्हा तेच. असं दहा-पंधरा वेळा केलं की पॅड डिस्कवर बसतात. त्याआधी घाटात जाऊ नका.

मागे तुमच्या गाडीला डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत. त्यातल्या लायनरच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांच्या) स्प्रिंगा घट्ट असतात, शिवाय अॅडजस्टर नीट बसवावा लागतो. ते काम पहिल्यांदा तरी जाणत्या माणसासोबत करा.