यामाहाच्या जुन्या डीएक्स७ सिंथेसायझरचे (सिंथचे) आवाज कॉम्प्युटरवरून एडिट करायला कोणतं सॉफ्टवेअर वापरावं? आधीचे आवाज पुसले तर जाणार नाहीत ना?

सॉफ्टवेअरचं आधी सांगून टाकतो, कारण तो भाग सोपा आहे. डेक्स्ड घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि खऱ्या डीएक्स७ ला जोडलं की एडिटर म्हणूनही चालतं. ते नको असेल तर एडिसिन घ्या, तेही फुकट आहे आणि इतर बऱ्याच जुन्या सिंथना चालतं. दोन्ही चांगली आहेत. यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मात्र वाचला आणि राहवलं नाही. "आधीचे आवाज पुसले तर जाणार नाहीत ना?" जातात. माझ्या हातून ३२ गेले आहेत, आणि ते माझे नव्हते.

डीएक्स७ माझ्या मामांचा. ते स्टुडिओत आणि कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवायचे. १९८३ साली हे मॉडेल आलं. त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी घेतलं आणि फॅक्टरीचे ३२ आवाज एकेक करून काढून तिथे स्वतःचे भरले. पॅनलवर बसून. ज्यांनी हे पॅनल पाहिलंय त्यांना सांगायला नको: दोन ओळींचा, ओळीला १६ अक्षरांचा डिस्प्ले, हिरवी सपाट बटणं आणि सगळ्या कामांना मिळून एक स्लायडर. एका वेळी एकच आकडा दिसतो. एका आवाजामागे नाव सोडून १४५ आकडे असतात. म्हणजे एक डोळ्यांसमोर आणि बाकीचे १४४ डोक्यात. मामांच्या डोक्यात ते खरंच असायचे. प्रत्येक आवाज सहा ऑपरेटरांनी, म्हणजे सहा छोट्या स्वरजनकांनी, बनतो; त्यातला चार नंबरचा ऐकायचा म्हटला तर बाकीचे पाच पटापट बंद करून ते तो एकटा ऐकवायचे, डिस्प्लेकडे न बघता.

वाजवणं कमी झाल्यावर त्यांनी तो सिंथ मला दिला. देताना एवढंच म्हणाले, "कॉम्प्युटर लावू नकोस याला. आवाज बनवायचा तर इथं बसून बनव." मी तेव्हा हो म्हटलं.

पुढच्याच आठवड्यात यूएसबी-मिडी केबल (सिंथ कॉम्प्युटरला जोडणारी) आणली, ३२ आवाजांची एक बँक डाउनलोड केली, कुणीतरी लिहून ठेवलेल्या सूचनांप्रमाणे फंक्शन मोडमधलं ८ नंबरचं बटण दाबत सिस इन्फो 'अव्हेल' वर आणलं (म्हणजे आवाजांचा डेटा आत-बाहेर जायला परवानगी दिली), मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे मेमरीवरचं कुलूप, ऑफ केलं आणि 'सेंड' दाबलं. एक सेकंद लागला. अगदी खरं सांगायचं तर सव्वा सेकंदाहून किंचित जास्त: ४,१०४ बाइट, मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला १० बिट, करा हिशोब. तेवढ्या वेळात मामांची कित्येक वर्षं पुसली गेली आणि मला ते पाच मिनिटं कळलंसुद्धा नाही. मी नवे आवाज वाजवत बसलो होतो. मग त्यांचा 'काचघंटा' लावायला ११ नंबर दाबला, तर तिथे भलताच ब्रास.

मामांना फोन केला. ते चिडले नाहीत. "म्हणून सांगितलं होतं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून आमचा एक वाद सुरू आहे, तो अजून मिटलेला नाही.

त्यांचं म्हणणं, कॉम्प्युटरने आवाज घालवले. माझं म्हणणं, बॅकअप नव्हता म्हणून गेले. मी ठाम आहे आणि तुम्हालाही तेच ठामपणे सांगतो. त्या सिंथमधली मेमरी आत सोल्डर केलेल्या एका छोट्या लिथियम बॅटरीवर जिवंत असते. आवाज डिस्कवर नसतात, कुठल्या चिपमध्ये कायमचे कोरलेलेही नसतात. बॅटरी संपली की गेले. बॅटरी बदलायला काढली तरी गेले. मी कॉम्प्युटरला हात लावला नसता तरी ते ३२ आवाज एक ना एक दिवस असेच गेले असते, आणि तेव्हा दोष द्यायला भाचाही सापडला नसता. उलट त्याच केबलने त्या दिवशी आधी उलट्या दिशेने डंप, म्हणजे सिंथमधल्या आवाजांची कॉम्प्युटरवर प्रत, घेतला असता तर आज सगळं सुरक्षित असतं.

तेव्हा तुम्ही पहिलं काम हे करा, सॉफ्टवेअरमध्ये एकही नॉब फिरवण्याआधी: त्याच ८ नंबरच्या बटणावर सिस इन्फो 'अव्हेल' झालं की पुढे 'मिडी ट्रान्समिट?' असं विचारतो. कॉम्प्युटरवर सिसेक्स (मिडीवरून जाणारा सिंथचा स्वतःचा डेटा) रेकॉर्ड करणारा प्रोग्राम चालू ठेवा (मॅकवर सिसेक्स लायब्ररियन, विंडोजवर मिडी-ऑक्स) आणि 'येस' दाबा. आलेली फाइल बरोबर ४,१०४ बाइटची आहे का पाहा. कमी-जास्त असेल तर ती फाइल फेकून द्या आणि पुन्हा घ्या. मग ती डेक्स्डमध्ये उघडून नावं वाचा. नावं नीट दिसली की तिच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. मेमरी प्रोटेक्टला तोवर हात लावायचा नाही.

आणि एक फरक डोक्यात पक्का करा, कारण मला तो कुणी सांगितला नव्हता. अख्खी बँक पाठवली की ती थेट ३२ जागांवर जाऊन बसते, जुनं सगळं जातं. एकच आवाज पाठवला (ती फाइल १६३ बाइटची असते) तर तो फक्त एडिट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, येतो. ऐकू येतो, बदलता येतो, पण तुम्ही स्वतः 'स्टोअर' करेपर्यंत मेमरीतलं काहीही हलत नाही. सॉफ्टवेअरमधून एकेक नॉब फिरवताना जाणारे बदलही तिथेच जातात. म्हणजे एडिटिंग म्हणून तुम्हाला जे करायचंय त्याने काहीच पुसलं जात नाही. पुसतं ते बँक पाठवण्याने. बँकांची पोतीच्या पोती डाउनलोड करून एकेक सिंथमध्ये ओतत बसणं याला मी एडिटिंग म्हणत नाही. ऐकायच्या असतील तर त्या डेक्स्डमध्येच ऐका.

आता काचघंटेचं सांगतो.

मामांकडे एक वही निघाली. ३२ पैकी ७ आवाजांचे आकडे त्यात लिहिलेले होते, काचघंटा त्यातला एक. रोमन अक्षरांत हे नाव बरोबर १० अक्षरांत बसतं आणि डीएक्स७ नावाला १० च अक्षरं देतो, म्हणून त्यांना ते नाव फार आवडायचं. मी वही घेऊन आलो आणि एका रात्रीत डेक्स्डमध्ये ते आकडे भरले. अल्गोरिदम (सहा ऑपरेटरांची जोडणी) ५. म्हणजे तीन जोड्या: दोन नंबरचा ऑपरेटर एकला रंग देतो, चार तीनला, सहा पाचला. खालचे तीन कॅरिअर, ते आपल्याला ऐकू येतात. वरचे तीन मॉड्युलेटर, ते स्वतः ऐकू येत नाहीत, खालच्यांचा सूर तिखट-मऊ करतात.

सगळे आकडे भरले, सिंथला पाठवले, वाजवलं. आवाज तोच नव्हता. घंटा होती, पण ठोक्यात काच नव्हती. पट्टी दाबून ठेवली की कितीतरी वेळाने आतून एक चमक हळूहळू वर यायची, आणि तोवर नाद विरत आलेला असायचा.

मामांना बोलावलं. ते आले, दोन वेळा पट्टी दाबली आणि म्हणाले, "दोन जोड्या बरोबर आहेत. एक उशिरा येतेय." मग त्यांनी कॉम्प्युटरकडे पाठ करून पॅनलवर ऑपरेटर बंद-चालू करायला घेतलं. डिस्प्लेवर सहा एक्के असतात, जो बंद केला त्याचा शून्य होतो. आधी त्यांनी पहिली जोडी काढली. मग सहा नंबर.

मी स्क्रीनकडे पाहत होतो. डेक्स्डमध्ये सहाही एन्व्हलपची (ऑपरेटर वेळेनुसार कसा चढतो-उतरतो त्याची) चित्रं एकदम दिसतात. पाच चित्रं सुरुवातीलाच सरळ उभी चढत होती. चार नंबरचं मात्र लांबलचक चढणीसारखं, हळू वर जाणारं. त्याचा पहिला रेट, म्हणजे चढण्याचा वेग, मी १९ भरला होता. वही उचलून उजेडात धरली. मामांनी आकडे देवनागरीत लिहिलेत, आणि शाई उडाल्यामुळे ९९ मधल्या पहिल्या ९ चं पोट पुसट होऊन त्याचा १ झाला होता. ९९ म्हणजे झटक्यात, १९ म्हणजे रांगत.

"चार," मी म्हणालो.

त्याच क्षणी त्यांनी चार नंबरचं बटण दाबलं होतं. "मीही तिथंच पोचलो होतो," ते म्हणाले.

९९ केलं. काच परत आली. मामांनी डोळे मिटून एकच पट्टी तीन-चारदा दाबली आणि मग काही न बोलता वही मिटून ठेवली.

त्यानंतर पुन्हा वाद. ते म्हणतात, कानाने सापडलं. मी म्हणतो, चित्राने सापडलं. माझं मत आजही तेच आहे: पॅनलवर बनवण्यात काही पुण्य नाही. १४५ आकडे डोक्यात धरणं ही मामांची ताकद होती, पॅनलची नव्हे. पॅनल त्यांना फक्त अडवत होतं. ज्याला ती ताकद नाही अशा माणसाने डीएक्स७ ला हातच लावू नये असं म्हणणं चूक आहे, आणि कित्येक वर्षं लोकांनी असंच म्हणून हा सिंथ फॅक्टरी आवाजांवरच वाजवला. त्यातला ११ नंबरचा इलेक्ट्रिक पियानो तर इतका वाजला की लोकांना तोच डीएक्स७ वाटतो. तो उघडून पाहा, तोही अल्गोरिदम ५ च आहे. त्यात दोन नंबरच्या ऑपरेटरचा रेशो (मूळ सुराच्या किती पट) १४ आहे. पट्टी मारल्यावर जो धातूचा 'टिंग' येतो तो तिथून येतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या एका ऑपरेटरची आउटपुट लेव्हल थोडी थोडी खाली आणा आणि वाजवत राहा. टिंग विरतो, पियानो मऊ होतो, बाकी काही बिघडत नाही. मग रेशो १४ चा ७ करा. अर्ध्या तासात जे कळेल ते पॅनलवर आठवडाभर बसून कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र मामा बरोबर आहेत. कॅरिअर कोणता आणि मॉड्युलेटर कोणता हे माहीत नसेल तर स्क्रीनवरची सहा चित्रंही मुकी असतात. कॅरिअरची लेव्हल वाढवली तर आवाज मोठा होतो, मॉड्युलेटरची वाढवली तर आवाजाची जात बदलते. हे कानात बसेपर्यंत एकेक ऑपरेटर बंद करून ऐकण्याची त्यांची पद्धतच वापरा, फक्त स्क्रीनवरून.

काही गोष्टी राहिल्या, त्या आधीच सांगायला हव्या होत्या. अगदी स्वस्त यूएसबी-मिडी केबल नोट्स नीट पाठवतात, पण लांब सिसेक्समधले बाइट मध्येच गाळतात. माझी पहिली तशीच निघाली. डंप अर्धवट येत असेल तर आधी केबल बदला, सिंथ उघडू नका. सॉफ्टवेअरमधला डीएक्स७ चा चॅनल आणि सिंथवरचा मिडी चॅनल एक ठेवा, नाहीतर नॉब फिरवाल आणि काहीच होणार नाही. डेक्स्डचा स्वतःचा आवाज आणि सिंथचा आवाज एकदम चालू ठेवू नका. दोन्ही एकमेकांवर बसले की तुम्ही नेमकं काय ऐकताय ते कळत नाही. निर्णय सिंथचा आवाज ऐकूनच घ्या, आकड्यांचा आवाज करणाऱ्या जुन्या कन्व्हर्टरची ती किंचित खरखर सॉफ्टवेअरमध्ये तशीच्या तशी येत नाही. पहिल्या पिढीच्या डीएक्स७ च्या पट्ट्या कितीही जोरात मारल्या तरी व्हेलॉसिटी (पट्टी किती जोरात मारली त्याचा आकडा) कमाल १२७ पर्यंत जात नाही. त्यामुळे दुसऱ्या कीबोर्डवरून तोच आवाज वाजवला तर तो जास्त टोकदार लागतो. घाबरून आकडे बदलू नका. मी हे सगळं पहिल्या डीएक्स७ बद्दल लिहिलंय, तुमचा नंतरचा डीएक्स७ टू असेल तर बटणं आणि मेनू वेगळे आहेत.

बॅटरी बदलून घ्यायची असेल तर डंप हातात आल्यावरच, आणि बदलणाऱ्याला सांगा की बॅटरी थेट सोल्डर न करता तिच्यासाठी होल्डर बसव.

वहीतले सातही आवाज आता तीन ठिकाणी ठेवलेत. उरलेल्या २५ पैकी ४ मामांनी आठवून पुन्हा बनवलेत. पॅनलवरच. ते 'स्टोअर' दाबून उठले की मी लगेच डंप घेतो. काचघंटेचे आकडे इथेच टाकले असते, पण तो आवाज त्यांचा आहे. त्यांना विचारलंय. हो म्हणाले की १६३ बाइटची फाइल तुम्हाला पाठवतो.