लाटेक म्हणजे काय आणि त्यात मराठी लिहिता येते का?

लाटेक ही मुक्तस्रोत अक्षरजुळणी प्रणाली आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी 1978 मध्ये आणलेल्या टेक या प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1980 च्या दशकात ती उभारली. वर्डमध्ये आपण मजकूर लिहितानाच तो सजवतो. लाटेकमध्ये मात्र साध्या मजकूर-फाइलीत 'हे प्रकरण', 'ही तळटीप', 'हे समीकरण' अशा आज्ञा लिहायच्या असतात, आणि क्रमांक, समास, ओळींची तोड व अनुक्रमणिका प्रणाली स्वतः सांभाळून पीडीएफ तयार करते. प्रबंधात मधेच एक प्रकरण घातले, तरी पुढचे सगळे क्रमांक आणि 'पाहा आकृती 4' यांसारखे उल्लेख आपोआप बदलतात. त्यासाठी फाइल सहसा दोनदा चालवावी लागते, कारण पहिल्या फेरीत क्रमांक नोंदवले जातात आणि दुसऱ्या फेरीत ते जागच्या जागी बसतात.

मराठी अवश्य लिहिता येते. त्यासाठी झीलाटेक किंवा लुआलाटेक ही लाटेकची रूपे वापरावीत, कारण ती युनिकोड मजकूर थेट स्वीकारतात. आयआयटी मुंबईत तयार झालेला शोभिका हा मुक्त फॉन्ट छपाईला फार देखणा दिसतो. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी असल्याचे नमूद करायला मात्र विसरू नये, नाहीतर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी पडते.

ही सगळी साधने एकत्र असलेला टेक लाइव्ह हा संच विनामूल्य मिळतो. दोन पानी पत्रासाठी एवढा खटाटोप करू नये. प्रबंध किंवा गणिताचे पुस्तक असेल, तर जरूर करावा.