अंगावर फोड आलेत, कांजिण्याच ना?

पावसाळ्यात बालवाडीतल्या मुलांच्या आया हा प्रश्न हमखास विचारतात. गोव्यातल्या डिचोलीकडची एक आई तर रडकुंडीलाच आली होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) अडीच वर्षांच्या मुलीला दोन दिवस ताप, मग खाणंपिणं बंद. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तोंडावर आलेली. सासूबाईंनी 'देवी आल्या' म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवलेला. वर "एवढ्यात बालवाडीत कशाला घातलंस?" हे दिवसभर चाललेलं.

मुलीची लाळ गळत होती. चमचा ओठांजवळ नेला की ती मान फिरवायची. तळहातांवर राखाडी, लांबट फोड. तळपायांवर आणि ढुंगणावरही. छाती-पोट मात्र स्वच्छ. कांजिण्या बहुधा तिथून किंवा चेहऱ्यावरून सुरू होतात आणि खाजतात. डॉक्टरांनी हात-पाय-तोंडाचा आजार सांगितला होता. तो बहुतेकदा कॉक्सॅकी विषाणूमुळे होतो. गोठ्यातल्या लाळ्या-खुरकुताशी त्याचा काही संबंध नाही.

"तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. "लक्षणं दिसायच्या आधी ३ ते ६ दिवस विषाणू अंगात असतो. कुठल्याच आईला ते कळत नाही."

आईची नजर फोडांवर होती, मला काळजी होती ती पिण्याची. तोंडातल्या व्रणांमुळे मूल पाणी सोडतं, त्रास तिथून वाढतो. गार केलेली पेज, शहाळ्याचं पाणी, गोड ताक घोटघोट द्यायचं. सोलकढी आणि लिंबू सरबत झोंबतं, ते नको. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलं तेवढंच. ॲस्पिरिन अजिबात नको. अँटिबायोटिकचा इथे उपयोग नाही. ७ ते १० दिवसांत बहुतेक मुलं बरी होतात. पण आठ तास लघवी नाही, तीन दिवसांहून जास्त ताप, सारख्या उलट्या, सुस्ती, झोपेत झटके, चालताना तोल जाणं, यांतलं काहीही दिसलं तर मध्यरात्री असली तरी इस्पितळ गाठायचं.

सासूबाईंना मी पाला काढायला सांगितलं नाही. पेज भरवायचं काम त्यांच्याकडे दिलं आणि ते त्यांनी मनापासून केलं.

चवथीला मूळ घरी जायचं का? ताप गेला आणि फोड सुकले की जा, म्हटलं. मात्र विष्ठेतून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून मुलीची शी धुतल्यावर साबणानेच हात धुवायचे, नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही.

पुढे काही आठवड्यांनी फोन आला: "मॅडम, बोटांची नखं सुटून निघतायत!" या आजारानंतर कधीकधी असं होतं. खालून नवं नख येतं. ओढू नका, मी म्हणाले.