घरी येतं, मग माइकसमोर का चुकतं?

“ताई, घरी शंभर शब्द विचारा, दोन-तीनसुद्धा चुकत नाहीत. आणि तिथे माइकसमोर उभी राहिली की दुसऱ्याच फेरीत घंटा. अभ्यास कमी पडतोय, की हिचं लक्षच नसतं?”

मार्च सरत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांतून असे फोन ठरलेले. शाळेच्या आणि विभागाच्या स्पेलिंग बी, म्हणजे ऐकलेल्या शब्दाचं स्पेलिंग माइकसमोर तोंडी सांगायच्या स्पर्धा, तोवर उरकलेल्या असतात. चुकलं की घंटा वाजते आणि मूल बाद. मेअखेरच्या राष्ट्रीय स्पर्धेला आपलं मूल नसणार, हे घरात कळलेलं असतं. हल्ली तिथे देशभरातून जेमतेम अडीचशे मुलं पोहोचतात. पण १९८५ साली बालू नटराजन जिंकला, आणि पुढे भारतीय वंशाच्या मुलांनी या स्पर्धेत एवढं नाव काढलं, की तिथे न पोहोचणं हाच आपल्याकडे गुन्हा होऊन बसलाय.

न्यू जर्सीतलं हे कुटुंब. मुलगी सहावीत, तिला सई म्हणूया. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाबांनी स्पर्धेच्या चार हजार शब्दांच्या यादीचं एक्सेल केलेलं. रोज जेवणं झाली की बाबा लॅपटॉप घेऊन सोफ्यावर आणि सई समोर उभी. बरोबर आलं तर हिरवा रंग, चुकलं तर लाल. “मी तिला कधी ओरडत नाही हं,” ते आल्या आल्या म्हणाले. ते खरंही होतं.

मी म्हटलं, एकदा माझ्यासमोर घ्या.

बाबांनी ‘क्रिसॅन्थेमम’ विचारला, म्हणजे शेवंती. उच्चार अगदी स्वच्छ, ‘थे’ तर ठसठशीत. सईने अक्षरं सुरू केली. अवघड जागा आली की तिची नजर बाबांच्या चेहऱ्याकडे. एका ठिकाणी बाबांची भुवई जराशी हलली. तिने ओठांवर आलेलं अक्षर गिळलं आणि दुसरं म्हटलं. हिरवा! दोघांनाही यातलं काही जाणवलं नव्हतं.

मग मी मेरियम-वेबस्टरच्या ऑनलाइन शब्दकोशातला त्याच शब्दाचा उच्चार लावला. त्यात ‘थे’मधला ‘ए’ सापडेना, एक पुसट ‘अ’ तेवढा ऐकू आला. तो पुसट ‘अ’ इंग्रजीत कुठल्याही स्वराने लिहिला जातो, आणि भली भली मुलं तिथेच आपटतात. बाबा लातूरकडचे, मराठी माध्यमाचे. लिहिलंय तसं वाचायचं ही आपली सवय, त्यामुळे त्यांच्या उच्चारातच निम्मं स्पेलिंग येत होतं. उरलेलं भुवई सांगत होती.

“म्हणजे मीच चुकीचं शिकवत होतो?” बाबांचा चेहरा उतरला.

“चुकीचं नाही हो. रोज पेपर फोडत होतात, तेही नकळत.” सई खुदकन हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

पुढचं वेळापत्रक साधं होतं. शब्द शब्दकोशाच्या आवाजात ऐकायचे, हेडफोन लावून, एकटीने. लिहायचे, स्वतःच तपासायचे. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी परत, मग आठवड्याने परत. मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी राष्ट्रीय स्पर्धेतल्या मुलांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही असंच दिसलं होतं: दुसऱ्याने शब्द विचारण्यापेक्षा एकट्याने नेटाने केलेला सराव जास्त कामी आला. मुलांना तोच सराव सगळ्यात नकोसा वाटत होता, हेही त्यात आहे. हे मी पालकांना आवर्जून सांगते, नाहीतर चौथ्या दिवशी ‘तिला आवडत नाहीये’ म्हणून सगळं बंद पडतं.

आणि पहिल्या आठवड्यात शीट लालेलाल झाली. बाबांचा मेसेज: “ताई, होतं तेही गेलं.” मी एवढंच कळवलं की काही गेलेलं नाही, आजवर झाकलेलं आता दिसतंय, महिनाभर रंग बघू नका. त्यांनी बघितलेच, असा माझा अंदाज आहे.

सई स्टेजवर एकही प्रश्न विचारत नसे. शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ कुठल्या भाषेतलं, वाक्यात कसा येतो, हे सगळं विचारायची मुभा असते. पण घरी तिला कधी गरजच पडली नव्हती. मूळ ग्रीक आहे एवढं कळलं, तरी ‘फ’ला एफ नसून पी-एच असणार, ‘क’ला सी-एच असू शकतो, हा अंदाज बांधता येतो. मी तिला २०२५ च्या अंतिम फेरीतला फैजान झाकी दाखवला. जिंकायची संधी समोर असताना त्याने ‘कॉमेलिना’ हा शब्द काहीही न विचारता घाईत सुरू केला आणि चुकला. तरी शेवटी जिंकला तोच. सईने चुकीचा भाग परत परत लावून पाहिला.

बाबांना मात्र काहीतरी काम हवं होतं. २०२१ पासून स्टेजवर अर्थाचीही फेरी असते, ती त्यांच्याकडे दिली. कॉमेलिना म्हणजे आपल्याकडचा केना, पावसाळ्यात बांधावर उगवतो, हे शोधून काढल्यावर त्यांनी त्या दिवशी केन्याच्या भज्यांचं एवढं वर्णन केलं म्हणे, की बाकीचे शब्द राहूनच गेले. मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

एक अट सईने स्वतः घातली: आउट झाल्यावर गाडीत तो शब्द काढायचा नाही. बाबांनी विचारलं, “मग कधी काढायचा?” ती म्हणाली, “मी काढेन तेव्हा.”

पुढच्या वर्षी ती विभागीय स्पर्धेत सातव्या फेरीपर्यंत गेली. राष्ट्रीय स्पर्धेला गेली नाहीच. आता तिला उन्हाळ्यातल्या स्पर्धा सोडून फक्त शाळेचीच ठेवायची आहे. आठवीपर्यंतच भाग घेता येतो, मग हे वर्ष का घालवायचं, असं बाबांचं म्हणणं. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.