शेवटची बोट सुटल्यावर : नाओशिमातल्या मुक्कामाबद्दल तुमचे प्रश्न

जपानच्या सेतो अंतर्समुद्रात, कागावा प्रांतात, नाओशिमा नावाचं जेमतेम तीन हजार वस्तीचं बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला 'बेनेसे हाउस' आहे. ते हॉटेल आहे की कलासंग्रहालय, याचा निकाल तिथे राहूनही लागत नाही. मागच्या वेळी या सदरात त्याचा ओझरता उल्लेख केला आणि प्रश्नांचा पाऊस पडला. त्यातले निवडक घेते.

प्रश्न : पुढच्या वर्षी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील. बायकोला तिथे जायचंय. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं म्हणतात, मग एवढे पैसे घालून राहायचं कशाला? (नाशिक)

येता येतं, आणि बहुतेक लोक तेच करतात. उनो बंदरातून बोटीने २० मिनिटं, ताकामात्सुहून ५०. सकाळच्या बोटीने माणसं उतरतात, धक्क्यावरच्या पिवळ्या भोपळ्याच्या शिल्पापुढे रांगेत उभं राहून फोटो काढतात, दोन-तीन संग्रहालयं धावत बघतात आणि घड्याळ बघत धक्क्यावर परततात. ताकामात्सुची शेवटची मोठी बोट संध्याकाळी पाचच्या सुमारास सुटते. ती गेली की बेट एकदम गप्प होतं. तुम्ही पैसे मोजता ते या गप्प बेटासाठी. खोली नुसतं निमित्त.

बेनेसे हाउसचं संग्रहालय मुक्कामी पाहुण्यांना रात्रीही बघता येतं. मी पहिल्यांदा राहिले तेव्हा जेवण झाल्यावर सहज खाली उतरले. उंच गोल काँक्रीटच्या दालनात ब्रूस नॉमन या अमेरिकन कलाकाराचं १९८४ सालचं निऑनचं काम आहे. शंभर छोटी वाक्यं चार रांगांत, इंग्रजीत : खा आणि जग, खा आणि मर, हस आणि जग, हस आणि मर. एकेक वाक्य रंगीत उजेडात पेटतं, विझतं, भलतीकडे दुसरं पेटतं. मध्येच सगळी शंभर एकदम पेटतात आणि अख्खी भिंत अंगावर येते. मग अंधार. दिवसा मी त्याच्यासमोरून दोन मिनिटांत पुढे सरकले होते. रात्री बाकावर बसले आणि पाऊण तास उठलेच नाही. पुढचं कुठलं वाक्य पेटेल याची स्वतःशीच पैज लावत होते आणि दर वेळी हरत होते. यात 'कळण्या'सारखं काय आहे, सांगा.

पण एक स्पष्ट सांगते. खोलीत टीव्ही नाही, आणि संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम असलं काही नसतं. लग्नाचा वाढदिवस म्हणजे पोहण्याचा तलाव, हातात ग्लास आणि पाण्यावरची झोपडी असं डोक्यात असेल, तर मालदीवला जा. तुम्ही दोघंही सुखी व्हाल.

प्रश्न : बेनेसे हाउसच्या चार इमारती आहेत. ओव्हलबद्दल खूप ऐकलंय. परवडत असेल तर तीच घ्यावी का? (मुंबई)

ओव्हलच्या मोहात सगळेच पडतात. मीही पडले. मूळ संग्रहालय १९९२ सालचं, त्याच इमारतीत दहा खोल्या. मागच्या टेकडीवर १९९५ साली ओव्हल झालं : मधोमध अंडाकृती पाण्याचं कुंड, त्यावर तशाच आकाराचं उघडं आकाश आणि भोवती फक्त सहा खोल्या. वर जायला सहा जणांची इवलीशी मोनोरेल, तीही ओव्हलच्या पाहुण्यांपुरतीच. झाडीतून ती कुरकुरत वर चढते तेव्हा माथेरानच्या गाडीची आठवण होते. पाऊस असेल तर कुंडाच्या कडेला बसून आकाशाचा तुकडा पाण्यात पडताना बघण्यासारखं सुख नाही. पण या चारांत सगळ्यात महाग तेच, आणि जेवायला, समुद्रावर, गावात, कुठेही निघालात तरी आधी खाली उतरायचं.

एकाच रात्रीसाठी येत असाल तर मी म्युझियम इमारतीतली खोली सुचवेन. रात्री पायात चपला सरकवून थेट दालनात उतरता येतं, आणि वर सांगितलेली सगळी मजा त्यातच आहे. पार्क आणि बीच या इमारती २००६ साली झाल्या. काँक्रीटचा बादशहा समजला जाणाऱ्या वास्तुकार तादाओ आंदोने पार्क चक्क लाकडात बांधली आहे. खोल्या ४१, त्यामुळे मिळायची शक्यता त्यातल्या त्यात जास्त. बीचला आठच खोल्या, समुद्राला अगदी खेटून. समुद्र म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोकणातल्या लाटा येतात. तिथे मात्र तळ्यासारखं संथ पाणी, लांबवर बेटांच्या निळ्या घड्या आणि मधून जाणारी मालवाहू जहाजं. दोन रात्री असतील तर एक म्युझियममध्ये, एक पार्कमध्ये, असं करायला हरकत नाही. बुकिंग कित्येक महिने आधी करा. बोचकी घेऊन बोटी बदलत बसू नका, मोठी बॅग 'ताक्क्यूबिन' या कुरिअर सेवेने पुढच्या शहरातल्या हॉटेलवर पाठवून द्या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहावं लागेल का? (डोंबिवली)

उपाशी नाही, पण बेसावध राहिलात तर फसाल. जपानी स्वयंपाकात मासा दिसत नाही तिथेही असतो. 'दाशी' नावाचा जो पायाभूत रस्सा असतो तो बहुधा कात्सुओबुशी म्हणजे वाळवून धुरावलेल्या माशाच्या किसापासून करतात. आपल्याकडे फोडणीत हिंग जितक्या सहज पडतो तितक्या सहज तो तिथे भाजीत, सूपमध्ये, सोयासॉसच्या चटणीतही पडतो. कागावाचा उदोन (जाड नूडल्स) प्रसिद्ध आहे, पण त्याचा रस्सा सुकवलेल्या छोट्या माशांचा. म्हणून 'आम्ही व्हेजिटेरियन' एवढं सांगून भागत नाही. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, माशाची दाशीही नाही, असं फोड करून बुकिंग करतानाच लेखी कळवा. ऐन वेळी सांगितलंत तर स्वयंपाकघराची पंचाईत होते आणि तुमच्यापुढे सॅलडची वाटी येते. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या. नुसता पांढरा भात कुठेही मिळतो, आणि तो अप्रतिम असतो. गावातली छोटी उपाहारगृहं लवकर बंद होतात, तेव्हा रात्री बघू म्हणू नका.

प्रश्न : आम्ही तोक्योत निशि-कासाईला राहतो. मुलगा सात वर्षांचा, एका जागी बसत नाही. त्याला घेऊन जावं का?

न्या की. पार्क इमारतीत राहा, समोर मोठी हिरवळ आहे. तिथे निकी द सां फालचे रंगीबेरंगी हत्ती, उंट, मांजर उभे आहेत. ते बघून मूल आनंदाने ओरडलं नाही तर मला कळवा. संग्रहालयात जोनाथन बोरोफ्स्कीचे तीन बडबडे पुतळे आहेत, त्यांचे जबडे सारखे हलत असतात आणि 'चॅटर चॅटर' असं पुटपुटणं चालू. युकिनोरी यानागीने रंगीत वाळूचे देशोदेशीचे झेंडे पेट्यांत भरले, पेट्या नळ्यांनी जोडल्या आणि आत मुंग्या सोडल्या. मुंग्यांनी वाळू इकडची तिकडे नेऊन सगळे झेंडे पोखरले. हे सात वर्षांच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही, मोठ्यांना लागतं. होनमुरा गावात 'हाइशा' म्हणजे जुन्या दंतवैद्याचं घर आहे, त्यात शिन्रो ओताकेने मजला फोडून आरपार स्वातंत्र्यदेवी उभी केलीय. तेही दाखवा. चिचू संग्रहालयात मात्र कुजबुजायचीही चोरी, तिथे तुम्ही दोघं पाळीपाळीने जा.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. आंदोचं काम बघायचंय, पण बेनेसे हाउसची एक रात्र म्हणजे माझा दोन महिन्यांचा खर्च. काय करू? (कोल्हापूर)

होनमुरा किंवा मियानोउरा गावात घरगुती लॉजमध्ये राहा. बेनेसे हाउसचं संग्रहालय तिकीट काढून कुणालाही बघता येतं. रात्रीचं सुख हुकेल, पण इमारत तीच.

बघताना आधी भिंतीजवळ जा. आंदोच्या शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची, फळी साधारण ९० बाय १८० सेंटिमीटर, म्हणजे तातामी चटईच्या मापाची, आणि प्रत्येक फळीवर बोल्टची सहा गोल भोकं, ओळीत. फळ्यांचे सांधे एका रेषेत कुठून कुठवर जातात ते बोटाने (हवेत!) गिरवत चल, अख्ख्या इमारतीचं गणित उलगडतं. आपल्या साइटवर शटरिंग काढलं की हनीकोंब, म्हणजे काँक्रीटमधल्या पोकळ्या, दिसतं आणि मिस्त्री म्हणतो, प्लास्टरमध्ये झाकू. इथे प्लास्टरच नाही, त्यामुळे झाकायलाही काही नाही. वास्तुकलेचं औपचारिक शिक्षण न घेता, मुष्टियुद्ध खेळून आलेल्या माणसाचं हे काम आहे. १९९५ साली त्याला प्रित्झकर हे वास्तुकलेतलं मानाचं पारितोषिक मिळालं.

मग चिचू, २००४ सालचं. 'चिचू' म्हणजे जमिनीखाली. पूर्वी इथे मिठागरं होती. टेकडीची रेघ बिघडू नये म्हणून आंदोने सगळी इमारत आत पुरली, वर फक्त चौकोनी-त्रिकोणी उघडी तोंडं. आत तीनच कलाकार : मोने, जेम्स टरेल, वॉल्टर डी मारिया. मोनेच्या पाच कमळचित्रांच्या दालनात बूट काढून सपाता घालायच्या. खाली दोन-दोन सेंटिमीटरचे संगमरवरी ठोकळे, दालनाचे कोपरे गोल, दिवा एकही नाही. छतातून येतो तेवढाच दिवसाचा उजेड. मी उभी असताना वरून ढग गेला असावा, कारण समोरच्या चित्रातला जांभळा हळूहळू राखाडी झाला आणि थोड्या वेळाने परत आला. तिकीट वेळेसह आधीच ऑनलाइन काढ, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.

जमल्यास बोटीने शेजारच्या तेशिमालाही जा. तिथलं २०१० सालचं संग्रहालय र्यूए निशिझावा या वास्तुकाराचं आहे. साधारण ४० बाय ६० मीटरचं काँक्रीटचं कवच, आत खांब नाही. त्याचं सेंट्रिंग मातीचं होतं : आधी मातीचा ढीग रचला, वर काँक्रीट ओतलं, ते घट्ट झाल्यावर खालची माती उपसून काढली. हे आपल्या कुठल्याही ठेकेदाराला सांगून बघ, चेहरा बघण्यासारखा होईल.

प्रश्न : कुठल्या दिवसांत जावं? (पुणे)

वसंतात किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. उन्हाळा दमट असतो आणि शेवटी शेवटी वादळं येतात. यायोई कुसामाचा पिवळा भोपळा ऑगस्ट २०२१ मध्ये अशाच वादळात धक्क्यावरून उखडून वाहून गेला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये नवा बसवला. दर तीन वर्षांनी होणारा सेतोउची कला महोत्सव २०२५ मध्येच झाला, म्हणजे आता काही काळ गर्दी जरा कमी. आणि सोमवार टाळा. चिचूसकट बरीचशी ठिकाणं त्या दिवशी बंद असतात. मी पहिल्या खेपेला सोमवारीच पोचले होते. बंद दारांचं काँक्रीटही सुंदर असतं, एवढंच समाधान.

प्रश्न : आम्ही देवगडजवळ होमस्टे चालवतो. बाहेरच्या कंपनीने येऊन बेटावर श्रीमंतांसाठी हॉटेल काढलं, यात गावकऱ्यांच्या हाती काय लागलं?

या खेपेचा सगळ्यात चांगला प्रश्न हा, आणि त्याचं उत्तर सरळ नाही.

नाओशिमा आधी निसर्गरम्य वगैरे नव्हतं. उत्तर टोकाला मित्सुबिशीचा तांबं गाळण्याचा कारखाना १९१७ पासून आहे. त्याच्या धुराने डोंगर उघडे पडले, पण बेटाचं पोट त्यावरच चालत होतं. पुढे नोकऱ्या घटल्या, पोरं शहरात गेली. एके काळी आठ हजारांच्या घरात असलेली वस्ती उतरत गेली. दक्षिणेकडे पर्यटन आणायचं सरपंचाच्या, म्हणजे तिथल्या महापौर मियाके यांच्या मनात होतं. १९८५ साली ओकायामाच्या शैक्षणिक पुस्तकांच्या प्रकाशन कंपनीचे (हीच आजची बेनेसे) तेत्सुहिको फुकुताके त्यांना भेटले. मुलांसाठी शिबिराची जागा करू, एवढंच ठरलं होतं. वर्षभरात फुकुताके वारले. मुलगा सोइचिरोने काम पुढे नेलं. शिबिर १९८९ साली सुरू झालं, आणि मग हॉटेल-संग्रहालय आलं.

पहिली काही वर्षं कला दक्षिणेला आणि गाव गावात, असाच कारभार होता. तुमची शंका त्या काळाला तंतोतंत लागू पडते. १९९८ पासून होनमुरातली रिकामी घरं कलाकारांच्या हाती द्यायला सुरुवात झाली. पहिलं घर 'कादोया'. तात्सुओ मियाजिमाने आतल्या अंधाऱ्या पाण्यात १२५ आकडे पेरले, लाल-हिरवे-पिवळे, प्रत्येकाची मोजण्याची गती वेगळी. ती गती ठरवली बेटावरच्या १२५ लोकांनी, पाच वर्षांच्या पोरापासून ९५ वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. कुणाचा आकडा भरभर धावतो, कुणाचा रेंगाळत चालतो. 'यातला एक माझा आहे' असं म्हणणारी माणसं गावात असणं, हे हॉटेलच्या पगारापेक्षा वेगळं काहीतरी आहे. लॉज, खानावळी, सायकली भाड्याने देणं, हे धंदेही गावात आले.

तरी वस्ती घटायची थांबलेली नाही. कारखानाही चालूच आहे. पाहुण्यांना सहसा न सांगितली जाणारी आणखी एक गोष्ट : तेशिमावर बेकायदा टाकलेला नऊ लाख टनांहून जास्त विषारी कचरा २००३ ते २०१७ या काळात बोटींनी नाओशिमाच्या उत्तरेला आणून तिथल्या प्रकल्पात जाळला, वितळवला. बेटाच्या एका टोकाला मोनेची कमळं आणि दुसऱ्या टोकाला हे. बाहेरच्या पैशाला दार उघडताना गावाने काय मागितलं आणि काय सोसलं, हे दोन्ही बघायला तुम्ही एकदा याच.

प्रश्न : बंदराजवळ सार्वजनिक स्नानगृह आहे म्हणे, सगळ्यांसमोर उघड्याने अंघोळ करायची? जमेल का हो? (सातारा)

जमेल. शिन्रो ओताकेनेच २००९ मध्ये केलेलं हे स्नानगृह आहे, गावकरीही तिथे येतात. बायका-पुरुष वेगळे, मधल्या भिंतीवर अख्खा हत्ती उभा. आधी स्टुलावर बसून साबण लावून नीट खळखळून घ्यायचं, मगच कुंडात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. पहिली दोन मिनिटं अवघड जातात. मग शेजारची आजी हवापाण्याबद्दल काहीतरी बोलते, तुम्ही मान डोलावता, आणि दोघी हत्तीकडे बघत बसता.