वॉर्डात पहिल्यांदा जाताना

अगं, कळव्याच्या हॉस्पिटलात पोस्टिंग सुरू होतंय ना, मग जाड पुस्तकं थोडे दिवस बाजूला ठेव. आधी एवढं जमव.

पेशंटशी नीट बोल. मुंब्रा, दिवा, शहापूरकडून आलेली माणसं रांगेत थांबूनच दमलेली असतात. 'बेड नंबर बारा' नको. मावशी, आजोबा म्हण. नाव सांग, विद्यार्थिनी आहेस हेही सांग आणि तपासू का, असं विचार. नाही म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे.

प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हातांना सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळ. बोटांची टोकं आणि अंगठे हमखास राहतात.

नाडी, श्वास, बीपी स्वतः मोज. श्वास मोजतेय असं सांगितलं की पेशंटची लय बदलते. म्हणून नाडी पाहून झाली तरी मनगट सोडू नकोस आणि पूर्ण मिनिट छातीकडे लक्ष ठेव.

नेहमीच्या चुका:
- स्टेथोस्कोप किंवा बीपीचा पट्टा कपड्यावरून लावणं.
- न केलेली तपासणी 'नॉर्मल' लिहिणं. ही सगळ्यात वाईट. सर रागावले तरी चालतील, 'बघितलं नाही' असंच सांग.
- पेशंटचे फोटो ग्रुपवर टाकणं, लोकलमध्ये केसची चर्चा करणं. शेजारी नातेवाईक उभा असू शकतो.

मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादाचा आवाज, आत्ताच ऐकू आली नाही म्हणून खचू नकोस, कान हळूहळू तयार होतो. आणि सिस्टरांना बिनधास्त विचार. ड्रेसिंग त्या फार छान शिकवतात.